अक्काचा खेळ चालू आहे

माझी मोठी बहीण हेमांगी एकोणचाळीस वर्षांची आहे आणि तिला व्हिडिओ गेम खेळायला आवडतात. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे तिच्या मुलाला का?" मुलाला नाही हो, तिलाच. मुलगा पुण्यात शिकतो, त्याला गेममधलं ओ की ठो कळत नाही. मी तिला अक्का म्हणतो. अक्का धुळ्याला देवपुरात राहते, सकाळी एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते आणि उरलेला दिवस घरी सासूचं करते. सासू म्हणजे भिकुबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून तीन वर्षं त्या पलंगावरच आहेत. आवाज मात्र खणखणीत आहे. दर दहा मिनिटांनी हाक येते.

अक्काला फोन करून विचारलं, "कशी आहेस?" तर ती "बरी आहे" म्हणत नाही. ती म्हणते, "झोप येते रे."

आम्ही मूळचे नशिराबादचे. मी अजून तिथंच राहतो आणि कामाला रोज जळगावला जातो. आमचे वडील मोतीलाल, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, जळगावला एका डाळमिलमध्ये मशीनवर होते. अक्का दहा वर्षांची आणि मी सहाचा असताना एका दिवाळीला त्यांनी टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन आणलं. दोन रिमोट, एक पिवळी कॅसेट. खोक्यावर लिहिलं होतं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. आत निघाले अकरा. तेच अकरा नाव बदलून पुन्हापुन्हा यायचे. मी चिडून रडलो. अक्का म्हणाली, "रडू नको. अकरा लय झाले."

त्या अकरातला मारामारीचा गेम गल्लीतल्या पोरांना फार प्रिय. अक्का त्यात एकच लाथ वापरायची. कोपऱ्यात उभं राहायचं आणि समोरचा आला की खालून लाथ. बस. पोरं तऱ्हेतऱ्हेच्या उड्या मारत यायची आणि आपटायची. वना नावाचा एक दांडगा पोरगा तर तिच्याकडून सलग चौदा वेळा हरला आणि मशीनच बिघडलंय म्हणून सांगत गावभर फिरला. पण अक्काला तो गेम आवडायचा नाही. तिचं म्हणणं, यात आपण कोणाचं काही राखत नाही, नुसतं मारतो.

गाड्यांच्या शर्यतीत ती सगळ्यांच्या शेवटी यायची, तेही मुद्दाम. गाडी हळू चालवायची आणि बाजूची झाडं, डोंगर, समुद्र बघायची. मी बोंब मारायचो, "अक्का, दाब ना!" ती म्हणायची, "एवढी घाई कोनाले हाये?" आता धुळ्याला सकाळी सहा ते रात्री अकरा ती धावतच असते, तेव्हा मला त्या गाडीची आठवण येते आणि वाईट वाटतं. क्रिकेटच्या गेममध्ये ती फक्त बॅटिंग करायची, फिल्डिंग माझ्याकडे. वरून पडणारे ठोकळे जुळवायचा गेम ती आजही फोनवर खेळते. दवाखान्यात डॉक्टर यायला उशीर झाला की टेबलाखाली फोन धरून ठोकळे बसवत राहते. त्यात म्हणे डोकं रिकामं होतं. मध्यंतरी कोणी तरी तिला शेतीचा गेम दिला. पेरा, पाणी द्या, गाईंना चारा टाका. महिनाभर खेळली आणि एके दिवशी काढून टाकला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "दोन दिवस उघडला नही तर गाई उपाशी. तठी बी कोनी तरी माझ्या नावानं वरडतंच."

ती गेमला नंबर देते, पण तिची परीक्षा वेगळीच आहे. चित्रं कशी, आवाज कसा, हे नंतर. आधी ती बघते की गेम थांबवता येतो का. पॉजचं बटण आहे का. हल्ली पोरं खेळतात ते इंटरनेटवरचे गेम तिला एकदम नापास. एकदा सुरू झाला की संपेपर्यंत उठता येत नाही. "असे गेम काढनाऱ्याले त्याच्या आईनं कधी हाक मारली नही वाटतं," असं ती म्हणते.

आणि तिचा एक नंबरचा गेम त्या अकरांमधलाच आहे. रणगाड्यांचा. खाली मधोमध विटांच्या भिंतीत एक झेंडा, वरून शत्रूचे रणगाडे येतात, आपण दोघांनी दोन रणगाडे चालवून झेंडा राखायचा. चाळीस स्टेज. मी पुढं जाऊन गोळ्या झाडणारा, ती झेंड्याजवळून हलायची नाही. मी उतावळेपणानं मरायचो, कधी कधी माझीच गोळी आमच्या भिंतीला लागायची, आणि ती माझ्यामागचं निस्तरत बसायची. चाळिसावी स्टेज आम्ही कधीच बघितली नाही. त्या मशीनमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. लाइट गेली की पहिल्यापासून सुरू. आणि नशिराबादला लाइट जायला कारण लागत नसे.

अक्काचं लग्न झालं. नवरा हितेंद्रराव, एसटीत ड्रायव्हर, माणूस सरळ. मशीन आमच्याकडेच राहिलं. मग तिचा खेळ वर्षातून एकदाच, आखाजीला.

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं की आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा खान्देशात लेकींचा सण. भाऊ मुराळी होऊन बहिणीला सासरहून आणायला जातो. झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, मांडे आणि आंब्याचा रस होतो. पुरुष निंबाखाली उघड उघड पत्ते कुटतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. पूर्वी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला संपायचं. आमचे आजोबा सालदार होते. वर्षभर मालकानं हाक मारली की हातातला घास टाकून उठायचं, पण आखाजीच्या दिवशी त्यांना हाक मारायची नाही, अशी रीत होती.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला अक्का आली आणि पिशवी ठेवून थेट मशीनसमोर बसली. आमची आई, यशोदाबाई, आतून म्हणाली, "हेमांगी, जरा पीठ मळ वं." नाना दारात चपला काढत होते. ते तिथूनच म्हणाले, "खेय चालू हाये तिचा. कोनी हाक मारू नका. आखाजीले सालदाराले बी कोनी हाक मारत नही."

आई काही तरी पुटपुटली आणि स्वतः पीठ मळायला बसली. तेव्हापासून तो घरचा कायदा झाला. आखाजीचे चार दिवस टीव्हीवर रणगाडे असले की अक्काला कोणी हाक मारायची नाही. मी तिच्याशेजारी दुसरा रिमोट घेऊन बसायचो. ती फार बोलायची नाही. मधेच नुसती म्हणायची, "झेंडा बघ." चार दिवसांनी तिचा चेहरा उतरलेला नसायचा, आणि मी तिला धुळ्याला सोडून यायचो.

नाना गेले त्याला सहा वर्षं झाली. कायदा करणारा गेला की कायदा कसा पातळ होतो, ते मी घरात बघितलं. आईला संधिवात झाला, बोटं वळेनात. माझी बायको पुनम पिंपळनेरची. आखाजीला तीही कोणाची तरी लेक, ती तिच्या माहेरी जाणार. ते बरोबरच आहे. म्हणजे लेक घरी यायची त्याच दिवशी सून घराबाहेर, आई बसल्या जागी, आणि मी? मी निंबाखाली. पत्ते. स्वयंपाक कोण करणार, हे कोणी ठरवलं नाही. अक्का उठली आणि तिनं केला. पहिल्या वर्षी एक वेळचा, दुसऱ्या वर्षी दोन्ही वेळचा, मग कुरडया-पापडसुद्धा तिच्या येण्यापर्यंत थांबायला लागले. मऊ लागलं म्हणून कोपरानं खणायचं, त्यातला प्रकार.

मागच्या आखाजीला ती आली तेव्हा भिकुबाईंजवळ तिची चुलत जाऊ दोन दिवस राहायला तयार झाली होती. चार नाही, दोनच. सकाळी सातला अक्का मशीनसमोर बसली. मी एक तास खेळलो आणि पत्त्यांचं बोलावणं आलं म्हणून उठलो. ती एकटीच दोन्ही रिमोट मांडीवर घेऊन खेळत राहिली. अकराच्या सुमाराला मी पाणी प्यायला आत आलो तर पडद्यावर अडतीस आकडा. अडतीस! आम्ही एकतिसाच्या पुढं कधी गेलो नव्हतो. चित्र थांबलेलं होतं. अक्का मागं चुलीवर खापर टाकून मांडे करत होती, कपाळाचा घाम बाहीनं पुसत होती.

"अक्का, अडतीस?"

"ही झाली की दोनच राहिल्या रे," ती म्हणाली. अशी हसली की मला ती दहा वर्षांची दिसली. "मांडे झाले की बसते. तू बी ये. शेवटची संगं खेळू."

मी "येतो" म्हणालो आणि पुन्हा निंबाखाली गेलो. माझा डाव रंगात होता. मला कोणी हाक मारत नव्हतं.

बाराला पत्त्यातल्या पाच जणांना मी मोठेपणानं म्हणालो, "चला, रस खायला." घरी आलो तर रस झालेला नव्हता. आंबे पिळायला घेतले होते, पण हातानं पाच माणसांचा रस व्हायला वेळ लागणार. मी म्हटलं मिक्सरमध्ये काढू. आमच्या त्या खोलीत एकच बोर्ड. एका भोकात टीव्ही, दुसऱ्यात गेमचं मशीन, तिसरं जळालेलं. माणसं ओसरीवर बसलेली, भुकेली, थट्टा करतायत.

खोटं कशाला सांगू? मला माहीत होतं. प्लग काढला की काय जाणार, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. टीव्हीचा प्लग काढला असता तरी चाललं असतं, टीव्ही पुन्हा लावता आला असता. पण मशीनचा प्लग हाताजवळ होता. मनात आलं, एका गेमचं काय एवढं. आणि मी तो उपटला आणि मिक्सर लावला.

अक्का मांड्यांची परात घेऊन आत आली. तिनं टीव्हीकडे बघितलं. पडदा निळा झाला होता. मिक्सर घरघरत होता. तिनं परात खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं. मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होतो, पण ती ओरडली नाही. म्हणाली, "रसात पानी टाकू नको. पातळ होतो."

तिनं सगळ्यांना वाढलं. आग्रह केला. वना होता पंगतीत, तो म्हणाला, "अक्का, अजून लाथ मारता का?" तर हसलीसुद्धा. दुपारी भांडी घासली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोनऐवजी एकच दिवस राहून निघाली. बसस्टँडवर मी म्हटलं, "अक्का, चुकलं माझं." ती म्हणाली, "जाऊ दे. मले सवय हाये." त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

वर्षभर फोनवर आम्ही सगळं बोललो. आईचे गुडघे, भिकुबाईंची औषधं, मुलाची परीक्षा. गेमचं नाव ती काढायची नाही, मीही नाही. या वर्षी आखाजी जवळ आली तशी मी विचारलं, "कधी येऊ न्यायला?"

"मी येत नही," ती म्हणाली.

"काबरं?"

ती रागावलेली नव्हती. दमलेली होती. "अठी काम, तठी बी काम. अठलं काम तरी माझं हाये, कुंदन."

मी फोन ठेवला. अठी म्हणजे तिचं सासर, तठी म्हणजे आमचं घर. लेकीला माहेर नकोसं व्हावं, आणि ते मी केलेलं असावं. नाना असते तर त्यांनी मला घरातून हाकललं असतं, आणि योग्य केलं असतं.

आखाजीच्या दोन दिवस आधी रविवार आला. मी पहाटेच मोटरसायकल काढली. पाठीवरच्या पिशवीत मशीन, दोन्ही रिमोट, पिवळी कॅसेट, आणि नव्या टीव्हीला ते जुनं मशीन जोडायची वायर, जी जळगावला चार दुकानं फिरून मिळाली होती. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि ऊन चांगलंच तापलेलं. अक्कानं दार उघडलं. हात पिठाचे. डोळ्यांखाली काळं. दवाखान्याला सुट्टी म्हणजे घरी दुप्पट काम. हितेंद्रराव नाशिकच्या फेरीवर.

"मी येनार नही म्हटलं ना," ती म्हणाली.

"न्यायला नही आलो. तू अठीच खेळायला बस." मी पिशवीतून मशीन काढून टीव्हीपुढं ठेवलं.

तिनं मशीनकडे बघितलं, मग आतल्या खोलीकडे. तेवढ्यात हाक आलीच. "हेमांगी! वं हेमांगी! पानी दे माले!"

ती वळली. मी तिचा दंड धरला. हात पिठाचे होते तसंच तिला खाली बसवलं, रिमोट हातात दिला आणि पाणी घेऊन आत गेलो.

भिकुबाईंनी डोळे बारीक करून बघितलं. "कोन शे?"

"मी कुंदन, मावशी. हेमांगीचा भाऊ."

"ती कोठे गयी?"

"आहे ना. पाणी घ्या."

त्यांना उठवून बसवायचं कसं हे मला येत नव्हतं. मी काखेत हात घालून ओढलं, त्या कळवळल्या, अर्धं पाणी उशीवर. उशी बदलली. मग चहा हवा होता. चहात साखर जास्त झाली. मग पाय दाबायचे होते, मग पंखा कमी करायचा होता, मग जास्त करायचा होता. मग कूस बदलायची होती. तासाभरात माझी कंबर धरली आणि अंगातून घाम निथळायला लागला. अक्का हे तीन वर्षं करते आहे, दवाखाना करून. मला हे ठाऊक होतंच की, आपल्याला सगळं ठाऊक असतं. पण माझ्या कंबरेला ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यात तिचं अर्धवट मळलेलं पीठ होतं. ते मी मळलं. कसं मळलं ते विचारू नका.

बाहेरून रणगाड्यांचा आवाज येत होता. मधे एकदा डोकावलो तर आठवी स्टेज चालू होती. तिनं सवयीनं दोघांचा खेळ लावला होता. माझा रणगाडा झेंड्याशेजारी नुसताच उभा होता आणि ती त्यालाही सांभाळत होती. मान न वळवता म्हणाली, "सासूबाईंची गोळी साडेदहाची. पांढरी."

"दिली," मी म्हटलं. मावशींनीच मागून घेतली होती.

"खरं?"

"खरं. तू झेंडा बघ."

तिच्या खांद्यांचा ताण सैल झालेला मला मागून दिसला. मी पुन्हा आत गेलो. पोळ्या लाटायला घेतल्या, पाच झाल्या, त्यातली एकही गोल नव्हती. मग लक्षात आलं की बाहेरचा आवाज बदललाय. गोळ्यांचा आवाज नव्हता. हरल्यावर वाजते ती छोटीशी धून वाजून गेली होती आणि सगळं शांत होतं.

बाहेर आलो. पडद्यावर खेळ संपल्याची पाटी. झेंडा गेलेला. बारावी स्टेज. आणि अक्का भिंतीला टेकून झोपली होती. तोंड किंचित उघडं, रिमोट मांडीवर, अंगठा अजून बटणावर. बोटांना सकाळचं पीठ वाळून चिकटलेलं. रविवारी सकाळी अकरा वाजता, भरल्या घरात, माझी बहीण गाढ झोपली होती. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि मला रडू आलं.

इतकी वर्षं मला वाटत आलं की तिला चाळिसावी स्टेज बघायची आहे.

"हेमांगी!" आतून हाक आली, या वेळी चांगली जोरात. "वं हेमांगी! काय करी ऱ्हायनी?"

अक्काच्या पापण्या हलल्या. मी टीव्हीचा आवाज बंद केला, तिच्या हातातला रिमोट तसाच राहू दिला, आणि आतल्या खोलीकडे जाता जाता म्हणालो,

"हाक मारू नका, मावशी. खेय चालू हाये तिचा."